एकाच दाखल्यानं फी माफ झाली आणि अनुदान गेलं: कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंच्या बीएडची केस

ही केस लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. बाईंचं नाव-गाव देत नाही, कारण कोरेगाव तालुक्यातलं गाव छोटंय आणि तिथं सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. आपण नुसतं ताई म्हणू. मी फॉर्म, दाखले, पोर्टल असल्या कामात लोकांना मदत करत असतो, त्यातून ओळख झाली.

थोडक्यात असं. ताईंचं वय ॲडमिशनच्या वेळी ३५. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी तेव्हा दहावीत आणि मुलगा सहावीत. घरी शिलाई मशीन, ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत जरा जास्त काम, महिन्याला सरासरी चारेक हजार सुटायचे. त्यावर संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये, कधी वेळेवर, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. रेशनचं धान्य, आणि भाऊ सुगीत ज्वारीचं एखादं पोतं टाकून जायचा. एवढ्यावर घर चाललेलं. लग्न बारावीनंतर झालेलं, पण नवरा गेल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण केलं, रविवारी अभ्यासकेंद्र आणि रात्री मशीन, ५६ टक्के मिळवले. २०२४ ला बीएडला नंबर लागला. आणि २०२५ च्या मध्यावर निराधारचं अनुदान बंद झालं.

कपात म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं येतं ते असं की सरकारनं काहीतरी जाहीर केलं, पेपरात आलं, कुणीतरी मोर्चा काढला. इथं तसं काहीच झालं नाही. ताईंच्या बाबतीत एकही योजना बंद झालेली नाही, सगळ्या जागच्या जागी आहेत. फक्त ताई जागच्या हलल्या, आणि हलल्याबरोबर एका योजनेतून बाहेर पडल्या, पुढची उघडायच्या आधीच.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, बीएडच कशाला? नर्सिंग का नाही? तर जीएनएम आणि एएनएम दोन्हीला वयाची वरची अट ३५, फॉर्म भरेपर्यंत ते दार बंद व्हायला आलेलं. अंगणवाडी सेविकेला विधवांसाठी ४० पर्यंत चालतं, पण त्याच गावचं रहिवासी पाहिजे आणि गावात जागा निघाली पाहिजे, ती निघाली नाही. मग कुणी म्हणालं, बीए मुक्त विद्यापीठातून केलंस तर बीएड पण तिथूनच कर की घरी बसून. तेही होत नाही, कारण मुक्तचं बीएड हे आधीच शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकांसाठी आहे. म्हणजे रेग्युलर, पूर्ण वेळ, दोन वर्षं, एवढा एकच रस्ता उरला. आणि "एक वर्ष थांब, जरा पैसे साठव, मग कर" हा सल्ला देणाऱ्यांना हे माहीत नसतं की सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा ३८ आहे. ताई खुल्या प्रवर्गातल्या. ३५ ला ॲडमिशन, ३७ ला पदवी, हातात एक वर्ष. थांबायला जागाच नव्हती.

त्यात ८ जुलै २०२४ चा जीआर आला. व्यावसायिक कोर्सला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, ॲडमिशन घेतलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सूट, आधी ती ५० टक्के होती. आर्थिक दुर्बल, एसईबीसी, ओबीसी अशा सगळ्यांना. हा निर्णय चांगलाच होता, उगाच नावं ठेवायला नको, तो नसता तर ताईंनी फॉर्मच भरला नसता. पण सूट फी-ची आहे. दोन वर्षं घर कशावर चालवायचं हा त्या जीआरचा विषयच नाही, कारण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं अठरा-वीस वर्षांची, आईबापाच्या घरात राहणारी मुलगी आहे.

आता मुख्य गोष्ट, दाखला.

फी माफीला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि जुन्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. ताई सेतूत गेल्या. सेतूवाल्या पोरानं विचारलं, उत्पन्न किती लिहू? ताईंनी खरं सांगितलं, महिन्याला चार हजार सुटतात. पोरगा म्हणाला, "ताई, लिमिट आठ लाख हाय, काय बी लिवलं तरी चालतंय." बारा चोक अठ्ठेचाळीस, दाखला निघाला ४८,००० चा. कॉलेजला जोडला, ॲडमिशन झालं, सगळे खूश.

संजय गांधी निराधारची उत्पन्नमर्यादा किती आहे माहितीय? कुटुंबाचं वर्षाला २१,०००. वर्षाला. दिवसाच्या हिशोबानं ५८ रुपये पडतात, आणि त्यात आई आणि दोन पोरं. साताऱ्यात पोवई नाक्यावर दोघांनी चहा-वडापाव खाल्ला तरी तेवढे जातात. त्यामुळं काय होतं, गावोगावी निराधारच्या फायलीत २१ हजाराचाच दाखला असतो, हे तलाठी भाऊसाहेबांना माहीत, सर्कलला (मंडळ अधिकाऱ्याला) माहीत, सगळ्यांनाच माहीत. कुणी फसवत नाही आणि कुणी फसतही नाही, आकडा इतका जुनाट आहे की खरं लिहिलं तर अख्ख्या तालुक्यात निराधार म्हणून कुणी उरायचं नाही, म्हणून सगळे मिळून डोळेझाक करतात. ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालते, जोपर्यंत बाई घरात बसून आहे. बाईला त्याच उत्पन्नाचा कागद दुसऱ्या कुठल्या कामाला लागला की गाडी रुळावरून घसरते.

दरवर्षी निराधारच्या लाभार्थ्यांना हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. ताई २०२५ ला तो काढायला गेल्या तेव्हा आदल्या वर्षीचा ४८ हजाराचा दाखला ऑनलाइन दिसत होता, त्यांच्याच नावाचा, बारकोडसकट. क्लार्कचं म्हणणं, "दाखला तुमचाच हाय न्हवं? मग एका वर्षात ४८ चं २१ कसं करायचं आम्ही?" नियमानं बघितलं तर त्याचं चूक नाही. आणि पुढं एक वाक्य म्हणाला ते मात्र मला खटकलं, "बीएड कॉलेजात शिकताय म्हणल्यावर निराधार कसल्या तुम्ही?" हे वाक्य कुठल्याच जीआरमध्ये नाही, पण खरा नियम तोच आहे असं मला वाटतं. निराधार म्हणजे जिनं कुठं जायचं नाही, काही करायचं नाही. हात-पाय हलवले की आधार मिळाला असं धरायचं.

गंमत अशी की त्या वेळेपर्यंत ताईंचं खरं उत्पन्न निम्म्यावर आलेलं. बीएडला हजेरीची अट कडक आहे, लेक्चर-प्रात्यक्षिकाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. सकाळी गावातनं एसटी, संध्याकाळी परत, मग स्वयंपाक, मग पाठ टाचण काढायचं, मशीनवर बसायला रात्रीचे दहा. गिऱ्हाईक थांबत नाही ओ. ब्लाउज शनिवारी पाहिजे म्हणजे शनिवारीच पाहिजे, एकदा चुकलं की बाई दुसरीकडं जाते. महिन्याला दोन हजार उरले. म्हणजे अनुदान थांबलं ते गेल्या वर्षीच्या कमाईवर, ती कमाई शिक्षणामुळं आधीच गेलेली असताना. आणि समजा नवीन दाखला खराखुरा काढला, दोन हजार गुणिले बारा, तर होतात २४,०००. तरी मर्यादेच्या वर! तीन हजारानं.

मग लाडकी बहीण? इथं तर डोकं धरायची वेळ येते. तिथंही पैसे तेवढेच, १,५००. पण उत्पन्नमर्यादा अडीच लाख. म्हणजे विधवा बाईला निराधारमधून दीड हजार घ्यायचे तर २१ हजाराच्या आत राहायचं, आणि नवरा कमावता असलेल्या बाईला तेच दीड हजार अडीच लाखापर्यंत. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म सुटले तेव्हा ताईंना अपात्र धरलं, कारण सरकारच्या दुसऱ्या योजनेतून दीड हजार मिळत होते. ठीक आहे, दुहेरी लाभ नको, बरोबरच आहे. पण फॉर्मची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपली आणि त्यानंतर नवीन नोंदणी बंद. ताईंचं निराधार थांबलं पुढच्या वर्षी. एकातून बाहेर पडल्या तेव्हा दुसरीचं दार कधीच लागलेलं होतं.

आणि वरच्या पातळीवर त्या वर्षात वारं कुठल्या दिशेनं होतं तेही बघा. २०२४ ला लाडकी बहीणसाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा आकडा जाहीर झालेला, २०२५-२६ च्या बजेटमध्ये तरतूद ३६ हजार कोटींची. २०२५ च्या सुरुवातीलाच ५ लाख बायका वगळल्या, त्यात २ लाख ३० हजार निव्वळ संजय गांधी निराधारच्या लाभार्थी म्हणून. असं छाननीचं वातावरण असताना तहसीलमधला कुठला क्लार्क एका बीएडवाल्या बाईसाठी समजूतदारपणा दाखवणार? त्यालाही वरनं विचारणारं कुणीतरी असतं.

खर्चाचं सांगतो, कारण "शिक्षण तर मोफत आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. सूट शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काला. कॉलेजनं, नाव राहू दे, इतर फी म्हणून वेगळी पावती फाडली, लायब्ररी, विकास, ओळखपत्र, असं कायकाय. शिवाय हमीपत्र लिहून घेतलं की शासनाकडनं पैसे नाही आले तर मी भरीन. मग युनिफॉर्मची साडी, ती ठरलेल्या दुकानातनंच. मग सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, प्रत्येक पाठाला तक्ते, फ्लॅश कार्ड, मॉडेल. ताईंनी इतिहासाच्या एका पाठाला तक्ता न आणता जुन्या पांढऱ्या पेटीकोटच्या कापडावर फॅब्रिक पेंटनं प्रतापगडाचा नकाशा काढला आणि कडेला पिको मारून आणला. सरांनी विचारलं हे कुठून विकत आणलं. तोच नकाशा पुढं वर्गातल्या दोघी-तिघींनी वापरला, आणि ताईंना त्यातनं नवीन धंदा सुचला, सहाध्यायी पोरींना कापडी तक्ते शिवून द्यायचे. थोडेफार सुटतात त्यात. तेही पुढच्या दाखल्यात धरायचे का, हे मी विचारायचं टाळलंय.

महाडीबीटीचा, म्हणजे फी माफीच्या सरकारी पोर्टलवरचा, फॉर्म भरताना मी शेजारी होतो. वडील हयात आहेत का, आई हयात आहे का, वडिलांचा व्यवसाय, पगारदार आहेत का. शिक्षणात गॅप किती वर्षं. ३५ वर्षांच्या, दोन पोरांच्या आईला पोर्टल विचारतंय बाबा काय करतात. तुमच्यावर अवलंबून कोण आहे, हा रकाना शोधला तर नाही. दहावीचं मार्कलिस्ट माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, त्याचं प्रतिज्ञापत्र वेगळंच. लग्न झालेल्या प्रत्येक बाईची ही कटकट असते, त्यावर जास्त लिहीत नाही.

हे सगळं साताऱ्यात घडतंय याचं मला जास्त वाईट वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराड तालुक्यातल्या काल्यात रयत सुरू केली आणि १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच कमवा आणि शिका या पायावर. पोरं शेतात राबायची, खडी फोडायची आणि शिकायची, आणि त्याचा अभिमान होता. आज त्याच जिल्ह्यात बाई शिकता शिकता कमवायला लागली की तिच्या कमाईचा कागद तिच्याच विरोधात फायलीला लागतो. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. दर ३ जानेवारीला तिथं पुढाऱ्यांची रांग लागते, एखाद्यानं २१ हजाराचा आकडा बदलायचं भाषण केलं तर बरं होईल.

या अख्ख्या केसमध्ये एक मदत मात्र विनाकटकट मिळाली, एसटीचं हाफ तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना ५० टक्के. दाखला नाही, पोर्टल नाही, वडील काय करतात नाही. बाई आहे, गाडीत बसली, अर्धं तिकीट. जानेवारी २०२५ ला भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तरी ताईंचा महिन्याचा प्रवास हजाराच्या आसपास निघतो. हाफ तिकिटामुळं एसटी बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांना मी ही केस सांगतो.

बाहेरच्या देशात हे कसं होतं ते पण बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सरकारी बर्सरी (विद्यावेतन) मिळायची, फी भरावी लागायची नाही. ऑगस्ट २०१७ पासून नवीन विद्यार्थ्यांची ती बंद केली, कर्ज काढा म्हणाले. अर्ज घटले, आणि जास्त घटले ते मोठ्या वयात परत शिकायला येणाऱ्यांचे, ज्यांच्या मागं घर-संसार होता. शेवटी २०२० ला वर्षाला किमान ५,००० पौंडांची मदत परत आणावी लागली. म्हणजे तिथं पण कात्री चालली, पण चालवणारा दिसला, आरडाओरडा झाला, आकडे मोजले गेले, थोडं तरी मागं घेतलं. आपल्याकडं ताईंसारख्या किती जणींचं अनुदान शिक्षणापायी गेलं हे कुठल्या फायलीत मोजलंच जात नाही, कारण फायलीत कारण लिहिलंय "उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त".

मग पुढं काय केलं? तहसीलला अर्ज केला, फेरचौकशी करा म्हणून, त्यावर शिक्का मारून पोच मिळाली. भावाचं म्हणणं होतं कुणाला तरी भेटून २१ चा दाखला करून घेऊ. ताई नको म्हणाल्या, उद्या फी माफीवाल्यांनी दोन दाखले समोरासमोर ठेवले तर तेही जायचं. इथं त्यांचं बरोबर होतं.

खरा उपयोग झाला तो बालसंगोपन योजनेचा. ही योजना बऱ्याच विधवा बायकांना माहीतच नसते म्हणून जरा सविस्तर सांगतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, एक पालक गेलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मग गृहभेट होते, घर बघतात, पोरांशी बोलतात, मग फाईल बालकल्याण समितीपुढं जाते आणि समिती ऑर्डर काढते. मृत्यूचा दाखला, मुलांचे बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, घरासमोर पोरांसोबत काढलेला फोटो, असे कागद. वेळ लागतो, पण यात ताईंचा ४८ हजाराचा दाखला आडवा आला नाही, कारण मदत मुलाच्या नावानं आहे, आई शिकते का शिवते याच्याशी तिला देणंघेणं नाही. मुलाची ऑर्डर झाली. मुलीची फाईल आडनावाच्या स्पेलिंगवरून मागं राहिलीय, शाळेच्या दाखल्यात एक आणि आधारला एक, ते दुरुस्त होतंय.

मी एकदा बसून हिशोब केला. ताईंना बीएडच्या दोन वर्षांत निराधार चालू ठेवलं असतं तर सरकारचे २४ महिन्यांचे ३६,००० रुपये गेले असते. त्याच बाईच्या फी-चा भार सरकारनं आनंदानं उचललाय. म्हणजे एक खातं तिला शिक म्हणून पैसे देतंय आणि दुसरं खातं शिकतेय म्हणून काढून घेतंय, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही, दोघांकडं तोच दाखला असून. यावर उपाय काही आभाळातला नाही. निराधारचा लाभार्थी रेग्युलर कोर्सला असेल तर कोर्स संपेपर्यंत उत्पन्नाची फेरतपासणी थांबवा, एवढं एक कलम. आणि २१ हजाराचा आकडा, तो तर कधीच बदलायला पाहिजे होता.

लोक म्हणतील, तिला नोकरी लागली की मिटेल सगळं. लागू दे. पण शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली, मग थेट २०२३, मग २०२५, तिचं काही ठरलेलं वेळापत्रक नाही. २०२५ ची झाली तेव्हा ताई पहिल्या वर्षाला. पुढची ३८ च्या आत झाली तर झाली, नाहीतर खाजगी इंग्लिश मीडियम शाळा, तिथं सुरुवातीला सात-आठ हजार देतात आणि बीएडवाल्या पोरी रांगेत उभ्या असतात.

सध्या दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप चालू आहे, सोळा आठवडे शाळेत. फेरचौकशीच्या अर्जाचं उत्तर अजून नाही. परवा फोन आला होता ताईंचा, अर्जाबद्दल काही विचारतील असं वाटलं, पण त्यांच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका विधवा बाईंच्या सुनेला डीएडला घालायचंय आणि सासूचं निराधार चालू आहे, तर दाखला कुणाच्या नावानं काढायचा, हे विचारत होत्या. म्हटलं, सेतूत जायच्या आधी घरात कुणाकुणाच्या योजना चालू आहेत ते कागदावर लिहून काढा आणि मला पाठवा, सासू आणि सून एकाच रेशनकार्डावर आहेत का तेवढं आधी बघा.